यादीत न बसलेला बतकम्मा

वीस-बावीस वर्षं झाली असतील. पत्रकारितेचा डिप्लोमा संपवून मी नुकताच एका दैनिकात चिकटलो होतो. नव्या पोराला जी कामं देतात ती माझ्या वाट्याला यायची. सत्कार, शाळेचं गॅदरिंग, हळदीकुंकू आणि पुष्परचना स्पर्धा. अशीच एक स्पर्धा आपल्या शहरात, नवरात्राच्या दिवसांत होती. कुणी भरवली, कुठल्या हॉलमध्ये, ते सांगत बसत नाही. माणसं चांगली होती आणि मला आज त्यांची उणीदुणी काढायची नाहीत.

टेबलांवर पांढरे कागद अंथरलेले. प्रत्येक रचनेपुढं नंबराची चिठ्ठी. ग्लॅडिओलस, जरबेरा, कुठं वाळकी फांदी आणि तिच्या बुडाशी दोन गोटे. नावं पण मस्त. 'प्रतीक्षा', 'पहाट', 'मौन'. आणि शेवटच्या टेबलावर, भिंतीकडंला, एका परातीत रचलेला हातभर उंच बतकम्मा. खाली रंगात बुडवलेले कुरडूचे तुरे, त्यावर तरवडाचा पिवळा थर, मग झेंडू, मग शेवंती, आणि शेंड्याला हळदीची गौर. मागं एक विडी कामगार बाई उभी, इस्त्रीची साडी नेसून. तिच्या दहावीतल्या मुलीनं पेपरात जाहिरात वाचून आईच्या नावानं फॉर्म भरला होता.

परीक्षक मॅडम आल्या. थांबल्या, वाकून पाहिलं. "किती सुंदर रचलंय हो," असं मनापासून म्हणाल्या. मग सोबतच्या बाईंना हळू आवाजात म्हणाल्या, "पण हे पूजेचं आहे. पुष्परचनेत नाही बसत." वहीत काहीतरी टिपलं आणि पुढं गेल्या. निकालाच्या कागदावर त्या नंबरापुढं 'नियमाबाहेर' असं लिहिलं होतं. मी बातमी दिली. पहिला, दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ दोन. त्या बाईबद्दल एक ओळ नाही. कागदावर जे होतं ते उतरवून दिलं की काम झालं, अशी तेव्हा समजूत होती.

त्या 'नियमाबाहेर' शब्दानं नंतर मला बरीच वर्षं छळलं. नियम कुणाचा? कधी केला? आणि तो आपल्या सोलापुरात आला कसा? जमेल तसं वाचत गेलो, त्यातलं आज लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी शहराच्या पश्चिमेकडच्या मित्रांसाठी थोडं. आपल्याकडं असे खूप लोक आहेत जे जन्मभर सोलापुरात राहिले आणि कन्ना चौकाच्या पलीकडं फक्त चादर घ्यायला गेले. त्यांना बतकम्मा म्हणजे 'तेलुगू लोकांचं काहीतरी' एवढंच माहीत. तेलंगणातून पद्मशाली विणकर मागांच्या आणि गिरण्यांच्या मागं इथं आले. आपली जुनी गिरणी १८७७ ची. त्याच सुमाराचा, १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. पोटासाठी माणूस हलतो, आणि हलताना देव, भाषा, सण सोबत घेतो. मार्कंडेयाचा रथ आला तसा बतकम्माही आला. भाद्रपद अमावास्येला सुरू होतो आणि दसऱ्याच्या आधी, अष्टमीच्या सुमाराला संपतो. 'बतुकु' म्हणजे जगणं. अम्मा म्हणजे आपली आईच. बायका रोज फुलं रचतात, मध्ये ठेवून भोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी पाण्यात सोडतात. आपल्या हादग्याची ही सख्खी नाही तरी चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. हादग्यात मधोमध हत्ती असतो, इथं फुलांचा डोंगर असतो.

आता तो डोंगर रचतात कसा, ते बघा. ताटात किंवा परातीत आधी मोठी पानं अंथरायची. मग फुलांचे देठ सारख्या लांबीचे कापायचे. देठ आत, तोंड बाहेर, असं गोल कडं लावत यायचं. मधल्या पोकळीत चुरलेली पानं आणि कापलेले देठ दाबून भरायचे, म्हणजे पुढचा थर बसायला जागा होते. पुढचं कडं आधीच्यापेक्षा किंचित आत. असं करत निमुळतं वर जायचं. तार नाही, खिळा नाही, चिकटवायला काही नाही. एका बाजूला जास्त भरलं की वरून घसरतं. डोक्यावर ताट घेऊन गल्लीतून चालायचं असतं, तेव्हा बांधणी कच्ची असेल तर चौकातच अब्रू जाते. उंची, तोल, रंगाची उतरंड, वरचं आणि खालचं प्रमाण. कुठल्याही पुष्परचना स्पर्धेच्या परीक्षकाला गुण देताना हेच पाहायचं असतं. शब्द तेवढे वेगळे.

आणि फुलं? तरवड आणि कुरडू. तरवड आपल्या माळावर कुणी न लावता येतो, रेल्वे लाइनच्या कडेला, पडक्या शेतात, गुरंही तोंड लावत नाहीत. आज तेलंगणाचं ते राज्यफूल आहे, तिकडं तंगेडू म्हणतात. कुरडू तर पिकातलं तण. कोवळं असताना आपण भाजी करतो, मोठं झालं की खुरपून टाकतो. म्हणजे एक पैसा खर्च न करता, सकाळी लवकर माळावर जाऊन आणायची फुलं. दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला परवडणारी कला अशीच असणार. तिच्या बोटांची सवय पण पाहा. पान सारखं कापायचं, तंबाखू नेमकी भरायची, घट्ट वळायचं, टोक मुडपायचं. हातभर बतकम्मा डगमगत नाही, यात नवल काय.

आता त्या यादीकडं येतो.

लंडनमध्ये १८०४ साली बागायतीची एक सोसायटी निघाली, पुढं तीच रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी झाली. तिच्या धर्तीवर आपल्याकडं पहिली निघाली कलकत्त्यात, १८२० मध्ये, विल्यम कॅरी या मिशनऱ्याच्या पुढाकारानं. हाच तो कॅरी, ज्यानं मराठीचं व्याकरण आणि कोश छापला. दहा वर्षांनी, १८३० साली मुंबईत 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' स्थापन झाली. या सोसायट्यांचा मुख्य धंदा शेतीचा. कापूस, ऊस, बी-बियाणं, परदेशातली झाडं इथं रुजतात का, हे बघायचं. फुलं त्यासोबत आली. मुंबईच्या सोसायटीची बाग शिवडीला होती. ती जागा पुढं ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. मग भायखळ्याची बाग, १८६२ मध्ये उघडलेली, आज आपण जिला राणीची बाग म्हणतो ती. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडं गेली. सोसायटी मात्र टिकली. पुण्यातली एम्प्रेस गार्डन आज तीच चालवते, आणि दर जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला तिथलं पुष्पप्रदर्शन बघायला आपल्याकडूनही माणसं जातात.

प्रदर्शन म्हटलं की बक्षीस आलं. बक्षीस म्हटलं की वर्ग पाडावे लागतात. कुंड्यांचा वर्ग, गुलाबाचा वर्ग, एका दांडीवरच्या एका फुलाचा वर्ग, भाजीपाल्याचा वर्ग. हे छापून स्पर्धकांना द्यायचं. त्या छापील यादीला तिकडं 'शेड्यूल' म्हणतात आणि त्यात न बसणारी गोष्ट कितीही देखणी असली तरी परीक्षक तिला गुण देत नाही. 'शेड्यूलप्रमाणे नाही' असा शेराच असतो. म्हणजे आमच्या मॅडमनी वहीत लिहिलेला शब्द त्यांचा स्वतःचा नव्हता. परंपरेनं त्यांच्या हातात आलेला होता.

आणखी एक गोष्ट त्या पद्धतीबरोबर आली. गुलाबाच्या पुढं नाव कुणाचं? बंगल्याच्या मालकाचं. खत कुणी घातलं, छाटणी कुणी केली, पहाटे पाणी कुणी दिलं? माळ्यानं. इंग्लंडमध्येही हेच होतं, आपल्याकडं जरा जास्त. आजही एखाद्या प्रदर्शनात कप घेताना साहेब किंवा बाईसाहेब आणि मागं कुंडी उचलून धरणारा माळी, हा फोटो मी स्वतः काढलेला आहे. माळ्याचं नाव मी विचारलं नव्हतं, हेही सांगून टाकतो.

हे झालं फुलं वाढवण्याचं. फुलं मांडण्याची स्पर्धा कुठून आली? ती आली जेवणाच्या टेबलावरून. १८६१ मध्ये लंडनला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं जेवणाचं टेबल फुलांनी सजवायची स्पर्धा घेतली. पहिलं बक्षीस टी. सी. मार्च या गृहस्थाला मिळालं. त्यानं काय केलं होतं? काचेच्या दांडीवर काचेच्या थाळ्या, एकावर एक, आणि त्यांत थराथरानं फुलं. 'मार्च स्टँड' म्हणून तो प्रकार तिकडं गाजला, घरोघरी गेला. वाचलं तेव्हा मला हसूच आलं. थराथरानं रचलेली फुलं लंडनमध्ये जेवणापुढं ठेवली तर पहिला नंबर, आणि सोलापुरात गौरीपुढं ठेवली तर नियमाबाहेर.

विसाव्या शतकात तिथं कॉन्स्टन्स स्प्राय नावाची बाई झाली. तिनं भाजीची पानं, रानातल्या वेली, रस्त्याकडेचं गवत, असलं सगळं उचलून श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेलं. १९३४ मध्ये तिचं फुलांच्या सजावटीवरचं पुस्तक आलं, आणि १९५३ च्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाला फुलांचं काम तिच्याकडं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडभर गावोगावी बायकांचे फुलं मांडण्याचे क्लब निघाले आणि १९५९ ला त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. तोल, प्रमाण, लय, ठळकपणा हे गुण द्यायचे निकष अशा क्लबांतून पक्के होत गेले. त्यात १९५४ मध्ये अमेरिकेत स्मिदर्स नावाच्या माणसानं तो हिरवा फोम काढला. पाणी पितो, काडी खुपसली की उभी राहते. आज आपल्या लग्नाच्या स्टेजवर, सत्काराच्या बुकेत, सगळीकडं तोच असतो. विटेसारखा दिसतो, 'ओॲसिस' म्हणून मिळतो.

पण सगळ्यात मजेशीर गोष्ट जपानची आहे. स्पर्धेतल्या त्या वाळक्या फांद्या आणि 'मौन' वगैरे नावं आली ती जपानी इकेबानाच्या ओढीनं. एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनातही जपानी पद्धतीच्या पुष्परचना आवर्जून असतात, बघण्यासारख्या असतात. पण इकेबाना मुळात काय होतं? बुद्धापुढं फुलं वाहायची रीत. क्योटोमध्ये रोक्काकुदो नावाचं मंदिर आहे. तिथल्या पुजाऱ्यांचं घराणं इकेनोबो. त्यातल्या सेनकेई या पुजाऱ्यानं फुलं रचली आणि ती बघायला लोक जमले, अशी नोंद १४६२ सालच्या एका रोजनिशीत सापडते. म्हणजे पूजेची फुलं, पुजाऱ्याच्या हातची. कित्येक शतकं हे प्रामुख्यानं पुरुषांचं काम होतं. बायका मोठ्या संख्येनं आल्या त्या मेइजी काळात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं, मुलींच्या शाळांमधून. मग ओहारा उनशिन यानं पसरट भांड्यात फुलं मांडायची नवी तऱ्हा आणली, १९२७ ला सोगेत्सु शाळा निघाली, १९५६ मध्ये एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीनं, एलेन गॉर्डन ॲलन यांनी, टोकियोत 'इकेबाना इंटरनॅशनल' सुरू केली आणि ही कला जगभर गेली. आपल्या महानगरांतही तिच्या शाखा आल्या.

आता सांगा. जपानच्या देवळातली फुलं समुद्र ओलांडून आली तर ती कला, आणि भद्रावती पेठेतल्या गौरीची फुलं दोन किलोमीटरवरून आली तर ती पूजा? मॅडमचा राग नाही. त्यांना शिकवलंच तसं होतं. पण यादी करणाऱ्यांनी 'पूजेचं' म्हणून जी रेघ मारली, ती जपान्यांना लागू केली नाही आणि आपल्याला केली, एवढं तर दिसतंच.

आपल्याकडं याला कला म्हणत नव्हते असंही नाही. वात्स्यायनानं चौसष्ट कलांची यादी दिली आहे. त्यात फुलं अंथरून सजावट करणं आहे, तांदूळ आणि फुलांनी देवापुढं नक्षी काढणं आहे, माळा गुंफण्याचे प्रकार आहेत, डोक्यावर फुलं बांधणं हे वेगळं मोजलंय. म्हणजे हार, वेणी, गजरा, आरास, सगळं यादीत. ती यादी जुनी पडली आणि नवी छापून आली तेव्हा हे सगळं बाहेर राहिलं.

मराठीतला शब्दच बघा ना. 'पुष्परचना' हा शब्द स्पर्धेच्या पत्रकात भेटतो. घरात कुणी म्हणत नाही. घरात म्हणतात आरास. चैत्रगौरीची आरास, गणपतीची आरास. आणि जो हे काम पोटासाठी करतो तो फुलारी फक्त 'काम' म्हणतो. "आज पंढरपूरचं काम आहे," असं. कार्तिकी, आषाढी, पाडवा, वसंतपंचमी, स्वातंत्र्यदिन. विठ्ठल-रुक्मिणीच्या मंदिरात गाभाऱ्यापासून सोळखांबीपर्यंत फुलांची आरास होते, १५ ऑगस्टला तिरंगी असते. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे फोटो छापतो, शेअर करतो. फुलं कुणी दिली, त्या भाविकाचं नाव बातमीत असतं. रात्रभर जागून शिडीवर उभं राहून बांधली कुणी, ते नसतं. हा आमच्या धंद्याचा दोष आहे, मंदिराचा नाही.

आणि हे सगळं कुठल्या जिल्ह्यात चाललंय? माढा तालुक्यातलं अरण आपल्या जिल्ह्यात आहे. सावता माळ्याचं गाव. तेराव्या शतकातला हा माणूस वारीला गेला नाही, मळ्यातच विठ्ठल आहे म्हणाला, आणि पंढरीचा देवच त्याला भेटायला अरणला आला, अशी आपली श्रद्धा. माळ्याला एवढा मान देणाऱ्या मुलखात प्रदर्शनाच्या कार्डावर माळ्याचं नाव नसावं, हे जरा जास्तच होतं.

सिद्धेश्वर यात्रेचंही तेच. संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात. काठीला बाशिंग, हार, खोबऱ्याचे हारडे. शेंड्यापर्यंत सजवलेली ती उंच, जड काठी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं अडुसष्ट लिंगांच्या वाटेनं नेतात. वारा आला, माणूस वळला, काठी कलली तरी सजावट सुटत नाही. फुलं बांधणारा किती जाणता असेल? सात काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडं आहेत, त्याबद्दल आपण अभिमानानं सांगतो. हार बांधणाऱ्यांबद्दल कुणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही.

फोमचा विषय मघाशी अर्धा राहिला. तो फोम प्लास्टिकचा आहे, कुजत नाही, चुरा होऊन पाण्यात जातो. म्हणून रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. चेल्सी फ्लॉवर शो, जे १९१३ पासून चालू आहे आणि या जगातली पंढरी आहे, तिथंही फोम चालत नाही. आता तिकडचे मोठमोठे रचनाकार विनाफोमची फुलं कशी उभी करायची, याचे प्रयोग करतात. शेवाळ, जाळी, गवताची मोळी, ओला पाला. थोडक्यात देठ आत, तोंड बाहेर, मध्ये पाला दाबून भरायचा. आमच्या अक्कांना कुणी विचारलं असतं तर एका दुपारी शिकवलं असतं.

यात नुसता कलेचा प्रश्न नाही, पैशाचाही आहे. आपल्या जिल्ह्यातले झेंडू आणि शेवंतीवाले दसऱ्याची वाट बघतात. भाव मिळाला तर मिळाला, नाहीतर बाजाराबाहेर ढीग ओतून परत जातात. दुसरीकडं प्लास्टिकच्या माळा पोत्यानं येतात, एकदा घेतल्या की पाच वर्षं तोरण. त्यावर बंदी घाला म्हणून फुलशेतकरी ओरडत आहेत. बंदी येईल न येईल. पण खऱ्या फुलांचं काम करणारा हात टिकला नाही तर बंदी घालून तरी फुलं बांधणार कोण? फुलाऱ्याच्या घरातली पोरं आता त्या कामात यायला तयार नाहीत. मानही नाही आणि मजुरी नगावर.

माळाचंही तेच. तरवड आणायला पूर्वी विडी घरकुलाच्या पलीकडं चालत गेलं की झालं. आता कुंभारीच्या बाजूला हजारो घरं झाली. कामगारांना हक्काचं घर मिळालं ही मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल दुमत नाहीच. पण फुलं लांब गेली. बायका सांगतात की आता कुरडू आणि तरवड पण विकत घ्यावं लागतं, नाहीतर सगळा झेंडूचाच बतकम्मा करावा लागतो. झेंडू जड. थर लवकर बसतात, उंची येत नाही.

दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर तुम्हीच लिहाल. हे सगळं मी पूर्व भागातल्या काही बायकांना सांगितलं तेव्हा एक आजी फटकन म्हणाल्या, "गौरम्माला नंबर कसला देता ओ? देवीला पहिली-दुसरी करतात काय?" बरोबर आहे. स्पर्धेत गेली की वस्तू बदलते. तेलंगणात २०१४ साली बतुकम्मा राज्याचा सण झाला, तेव्हापासून सरकारी कार्यक्रम आले, मैदानं आली, क्रेननं उभे केलेले मोठ्ठे बतुकम्मा आले. सण वाढला की फुगला, यावर तिकडंही दोन मतं आहेत. पण त्याच आजींच्या सुनेचं म्हणणं वेगळं होतं. "सासूबाई, गल्लीत नंबर लागतोच की. कुणाचा उंच, कुणाचा वाकडा, घरी येऊन तुम्हीच सांगता." आजी गप्प. मग सगळ्याच हसल्या.

मला वाटतं, ज्यांना नको त्यांनी देऊ नये. पण ज्या मुलीनं पेपरात वाचून आईच्या नावानं फॉर्म भरला, तिला 'नियमाबाहेर' हा शब्द परत वाचायला लागू नये. यादी माणसांनी केली आहे, माणसांनी बदलता येते. म्हणून या वर्षी पुष्परचना स्पर्धा भरवणाऱ्या आपल्या शहरातल्या मंडळींना, महिला मंडळांना, कॉलेजांना आणि रोटरी-लायन्सवाल्यांना माझी जाहीर विनंती आहे. तीन वर्ग वाढवा. एक, हार-वेणी-गजऱ्याचा, जागेवर बसून बांधायचा, आणि तो फुलाऱ्यांनाही खुला ठेवा, 'हौशी' अशी अट घालू नका. दुसरा, बतकम्माचा. तिसरा आरास, पण फोम आणि प्लास्टिकशिवाय. परीक्षकांत एक तरी फुलारी घ्या. आणि कार्डावर, फुलं ज्याच्या बागेतली असतील त्याच्यासोबत वाढवणाऱ्या माळ्याचं नाव छापा. यातल्या कशालाच खर्च येत नाही.

दोन मंडळांशी बोलणं झालंय. एका ठिकाणी विचार करतो म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी मलाच नियम लिहून आणायला सांगितले. मी उत्साहात बसलो, ताटाचा व्यास, वेळ दोन तास, तार-खिळा-फोम नाही, वगैरे सगळं लिहिलं आणि वाचून दाखवायला परत त्याच बायकांकडं गेलो. व्यास चालेल म्हणाल्या. वेळ तीन तास करा म्हणाल्या, देठ कापायला धरून. मग फॉर्म बघितला. सगळ्यात वर एक रकाना होता, 'स्पर्धकाचे नाव'.

"हितं कुणाचं लिवायचं?" सुनेनं विचारलं.

"तुमचं. जी रचते तिचं."

"एकटीनं कोण रचतंय ओ? फुलं ही आणती, देठ पोरी कापत्यात, खालचे थर मी, वरचे सासूबाई."

तो रकाना अजून तसाच आहे. किती ओळींचा करायचा, तुम्ही सुचवा. आणि कुणाच्या घरी नव्वद सालाच्या आधीचा, सोलापुरातल्या बतकम्माचा फोटो असेल तर पाठवा. फोटोतल्या सगळ्या बायकांची नावं मागच्या बाजूला लिहून पाठवा.